भावाला जुगाराचं व्यसन लागलंय की नुसता नाद आहे हे कसं ओळखायचं? विचारलं की कंट्रोलमध्ये आहे म्हणतो. कर्ज एकदा फेडून टाकलं तर सुटेल का?

तुमच्या प्रश्नातलं "विचारलं की कंट्रोलमध्ये आहे म्हणतो" हे वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही सुटणार. फेडू नका, एक रुपया देऊ नका. आता पहिला प्रश्न, तो जरा लांबेल कारण मला हे सरळ सांगता येत नाही.

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या काउंटरला बसते, अठरा वर्षं झाली. जुगारी माणूस मला त्याच्या घरच्यांच्या आधी कळतो अशी मी बढाई मारायचे. दारुड्याचा निदान वास येतो, याचा काहीच येत नाही, पण याची घाई वेगळी असते. दवाखान्यासाठी सोनं ठेवायला आलेला माणूस व्याज विचारतो, मुदत विचारतो, पावती दोनदा वाचतो. हा एकच विचारतो, "खात्यावर कधी पडतील?" आयपीएलच्या दिवसांत दुपारी चारला येणार आणि पैसे साडेसातच्या आत पाहिजेत. तीच अंगठी वर्षात चौथ्यांदा आणि कारण दर वेळी नवं, आधी सासऱ्यांचं ऑपरेशन, मग पोरीची फी, मग म्हैस घ्यायचीय. एकाची म्हैस आमच्याकडं तीनदा घेऊन झाली, दूध कुठं जायचं देव जाणे.

आणि हे सगळं मी रोज संध्याकाळी घरी गमती म्हणून सांगायचे, तेव्हा माझा सख्खा धाकटा भाऊ समोर बसून हसायचा.

आमच्या घरात जुगार नवा नव्हता हेही सांगते, नाहीतर मी फार सोवळी वाटेन. वडील रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पानपट्टीत ओपनला, म्हणजे पहिल्या निघणाऱ्या आकड्यावर, पाच रुपये लावायचे, कल्याणचा मटका. हा बाजार 1962 पासूनचा, त्याच्या आधी न्यूयॉर्कहून मुंबईत कापसाचे भाव यायचे त्यावर लोक आकडा खेळायचे, असं त्यांनीच आम्हाला सांगितलेलं. स्वप्नात साप आला की त्याचा आकडा काढायचे, आई कपाळाला हात लावायची. एकेरी आकड्याला दहाचे नव्वद मिळतात आणि आकडे दहा, म्हणजे तुम्ही कितीही डोकं लावा, सरासरीनं दर दहा रुपयांमागं एक रुपया बुकीकडं राहणार. वडिलांना हे पाठ होतं. पाच गेले की गेले, दुसऱ्या दिवशी पाचच, पगार झाला म्हणून पन्नास नाही, आणि घरात कधी लपवलं नाही. पंचवीस वर्षं खेळले, कुणाचं देणं केलं नाही. (मटका बेकायदेशीर आहे, 1887 पासूनचा जुगारबंदीचा कायदा आहे, मी कौतुक करत नाहीये.)

त्यांचाच मुलगा दोन वर्षांत साफ बुडाला. म्हणून "किती लावतो" एवढ्यावरून ठरवू नका. काल गेलेले आज काढायला खेळतो का ते बघा. अशा खेळणाऱ्यांच्या तोंडी एक ठरलेला शब्द असतो, "कव्हर करतो". माझ्या भावाच्या तोंडून मी तो दिवसातून चार वेळा ऐकला आणि मला वाटायचं हा शिफ्टबद्दल बोलतोय, कारण तो शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी मशीन चालवायचा.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये रमीपासून सुरू झालं, मग कुणीतरी मित्रानं क्रिकेटवर सट्टा लावायची आयडी दिली. खुणा सगळ्या होत्या हो. जेवताना फोन उपडा. बाथरूममध्ये पाऊण तास. बँकेच्या मेसेजचा आवाज बंद. नेट गेलं तर घरात भांडीकुंडी आपटणं. पण एक खूण अशी होती की ती आम्हाला उलटी दिसली, तो जिंकायचा. एका रात्री बेचाळीस हजार आले म्हणून मटण आणलं, तांबडा-पांढरा झाला, आईला साडी, अख्खी गल्ली "नाद खुळा" करत होती. आता आमच्याकडं नाद हा शब्दच कौतुकाचा, बैलाचा नाद, कुस्तीचा नाद, त्यामुळं ह्याला व्यसन म्हणायला जीभ रेटत नाही. ते बेचाळीस हजार तिसऱ्या दिवशी परत तिथंच गेले, ते आम्हाला दोन वर्षांनी कळलं. जिंकलेलं सांगायचा, हरलेलं गिळायचा, म्हणजे घरच्या हिशेबात माझा भाऊ कधी हरलाच नव्हता. तुमचा भाऊ जिंकलेला पैसा घरात आणून टिकवतो का, हे आठवून बघा. माझा अंदाज आहे की नाही.

मला कळलं ते मे 2022 मध्ये, चुलतभावाच्या लग्नात. आईला स्टेजच्या पायऱ्या चढवायला मी तिचं मनगट धरलं. चार तोळ्यांच्या पाटल्या, तिच्या सासूनं घातलेल्या. आता मी दिवसभर बोटांत सोनं खेळवणारी बाई, माझ्या हाताला वजनच लागलं नाही. पाटली वर सरकवली तर ती भसकन वर गेली आणि खाली मनगटावर हिरवट डाग. मी विचारलं, "आई, पाटल्या कुठं घासल्यास गं?" तर ती खुशीत म्हणाली, "दसऱ्याला त्यानं गुजरीत पॉलिशला नेलेल्या, कशा लखलखतात बघ." दसऱ्यापासून मेपर्यंत ती एक ग्रॅमच्या पाटल्या हातात घालून हळदीकुंकवाला जात होती. मी "छान झाल्यात" म्हटलं, अक्षता टाकल्या, जेवलेसुद्धा.

रात्री गच्चीवर विचारलं तर आधी ओरडला, मग रडला, मग म्हणाला, "अक्का, उद्याची मॅच होऊ दे, दोन दिवसात सोडवतो." आणि तो मला फसवत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं, ते जास्त भयंकर. कर्ज किती विचारलं तर सहा लाख. निघालं अकरा. पाच लोन ॲप, दोन मित्र, भिशी, पाटल्या. ॲपवाले भावजयीच्या माहेरी फोन करून घाण बोलायला लागले होते म्हणून पाटल्या सोडवायचं बाजूला ठेवून आधी मी माझी एफडी मोडली, एक लाख ऐंशी हजार, आणि ॲपवाल्यांचे भागवले. अंबाबाईच्या देवळात शपथ घेतली त्यानं. चाळीस दिवस पाळली.

पुढं गणपतीनंतर मामांनी बैठक घेतली. मंगळवार पेठेतलं घर वडिलांच्या माघारी आई, मी आणि भाऊ तिघांच्या नावावर. मामांचा तोडगा असा की मी हक्कसोडपत्र करून द्यायचं, घर तारण ठेवून बारा लाख उचलायचे, सगळ्यांचं एकदाच भागवायचं म्हणजे पोरगं नव्यानं सुरू करेल. मी सही करणार नाही म्हटलं. मामा म्हणाले, "सख्ख्या भावापेक्षा कागद मोठा झाला तुला?" आई भिंतीकडं तोंड करून बसली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही, मी ताट करून ठेवलेलं. आजही प्रत्येक लग्नात मामा कुणाला तरी सांगत असतात की अक्कानं इस्टेटीसाठी भावाला वाऱ्यावर सोडलं.

तर मामा, आणि तुम्हीही, हे नीट वाचा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांचं निदानाचं जे पुस्तक जगभर वापरतात, त्यात 2013 साली जुगार दारू-ड्रग्जच्या व्यसनांबरोबर टाकला, त्याआधी तो चोरी करायची झटक आणि आगी लावायची झटक यांच्या रांगेत होता. त्यात नऊ खुणा दिल्यात, वर्षभरात चार दिसल्या तरी आजार धरतात. रक्कम वाढवत नेल्याशिवाय मजा न येणं, थांबवलं की चिडचिड, सोडायचे प्रयत्न फसणं, डोक्यात सतत तेच, मन खाली गेलं की खेळणं, हरलेलं काढायला परत जाणं, खोटं बोलणं, नोकरी किंवा नाती पणाला लावणं. या झाल्या आठ. नववी म्हणजे जुगारात बुडाल्यावर दुसऱ्यांनी पैसे देऊन वर काढावं म्हणून त्यांच्या जिवावर राहणं. म्हणजे मामांच्या बैठकीत जे औषध म्हणून चाललं होतं ते आजाराच्या यादीत आहे. भावानं मला नंतर स्वतः सांगितलं, "तू एफडी मोडलीस त्या रात्री डोकं मोकळं झालं गं, आणि मोकळं झालं म्हणून परत खेळलो."

एवढं लक्षात राहत नसेल तर दोनच प्रश्न आहेत, डॉक्टर लोकही प्राथमिक चाळणीला वापरतात. जास्त जास्त पैसे लावावेसे वाटले का कधी? आणि किती खेळतोस याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं का? एकाला जरी हो आलं तरी पुढं नीट तपासून घ्यायचं. पण हे भावाला विचारू नका, तो नाहीच म्हणणार, त्याच्या बायकोला विचारा.

ऑनलाईन पैशाच्या गेमवर ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कायदा करून बंदी आणली, जाहिरातीसकट, हे चांगलंच झालं, पण व्हॉट्सॲपवर आयडी देणारे पोरगे कायदा वाचून धंदा करत नाहीत. त्यामुळं "आता बंदच झालंय, खेळेल कुठं" या भ्रमात राहू नका.

कर्ज फेडू नका म्हणजे माणसाला टाकून द्या असं नाही, हे मी आधीच लिहायला पाहिजे होतं. पैसे मागणारे वाढले की ही पोरं जीव द्यायच्या गोष्टी करतात आणि त्यातली काही खरंच करतात. तसं काही बोलला तर तत्त्व गेलं चुलीत, त्याला एकटं सोडू नका, 14416 ला फोन लावा, टेलीमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझ्या भावाला सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, मानसोपचार ओपीडीत भावजयीनं नेलं, 2024 मध्ये. मी नाही नेलं. मी सही नाकारली म्हणून तो सुधारला असं मी मामांना ठासून सांगते, पण खरं बघितलं तर नाकारल्यामुळं फक्त घर वाचलं, बाकी सगळं तिनं केलं. पगार तिच्या खात्यावर जातो, त्याच्याकडं साधा बटणाचा फोन आहे, दर पंधरा दिवसांनी समुपदेशनाला जातो. मध्ये एकदा घसरला, सात हजार. या वेळी त्यानं आकडा पूर्ण सांगितला, मी स्वतः पडताळून बघितला.

पाटल्या अजून सुटल्या नाहीत. दुसऱ्या एका संस्थेत आहेत, आणि लिलावात जाऊ नयेत म्हणून व्याज दर वर्षी मी भरते. होय, वर एक रुपया देऊ नका लिहिलंय ते मीच. पण ते आईचं सोनं आहे, ते मी भावाच्या कर्जात धरत नाही. मामांना यातलं काही माहीत नाही आणि आईच्या हातात अजून त्या एक ग्रॅमच्याच आहेत, दिवाळीला मी त्या लिंबानं घासून देते.