अडखळत बोलणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलासाठी कोणत्या कादंबऱ्या सुचवाल?

तुमचा मुलगा सहावीत आहे, बोलताना अडखळतो, वर्गातली मुलं त्याची नक्कल करतात आणि हल्ली तो घरीही गप्प असतो, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात तुटलं. माझ्या मुलीबरोबर आम्ही हेच दिवस काढलेत. दुकानात ती 'पेन्सिल' कधीच मागायची नाही, कारण 'प' ओठांवर अडकायचा. बोट दाखवून 'ते लिहायचं द्या' म्हणायची. दुकानदाराला वाटायचं, पोर लाडावलेली आहे.

म्हणून आधी विन्स वॉटर यांच्या 'पेपरबॉय'बद्दल सांगते. इंग्रजी आहे, 2013 साली आली. लेखक स्वतः अडखळत बोलणारे, त्यामुळे त्यातलं काहीच ऐकीव वाटत नाही. काळ 1959, अमेरिकेतलं मेम्फिस शहर. अकरा वर्षांचा मुलगा जुलै महिनाभर मित्राची पेपरची लाइन सांभाळतो. पेपर फेकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, पण पैसे मागायला लोकांची दारं वाजवायची आणि बोलायचं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. मित्राचं नाव आर्ट, पण हा त्याला 'रॅट' म्हणतो, कारण ते तोंडातून सुटतं.

तिथे माझी लेक थांबली. पुस्तक पालथं ठेवून म्हणाली, "आई, हापण करतो." मला वाटत होतं, हे पेन्सिलपुरतंच आहे. त्या दिवशी तिने यादीच सांगितली. 'पाणी दे' ऐवजी 'तहान लागली'. 'परवा' ऐवजी सरळ वाराचं नाव. पूजा नावाच्या मैत्रिणीला तर दोन वर्षं नुसतं 'अगं'. दिवसभर ती मनातल्या मनात शब्द बदलत होती आणि मला, तिच्या आईला, पत्ता नव्हता.

या पुस्तकात स्वल्पविराम नाहीत. बोलताना इतकं थांबावं लागतं, मग लिहिताना कशाला थांबू, असं त्या मुलाचं म्हणणं. आणि शेवटी त्याचं अडखळणं जादूने बरं होत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र कथेत चाकू आहे, मारामारी आहे, काळ्या लोकांना मिळणारी वागणूक आहे. आधी तुम्ही वाचा.

इंग्रजी जड जात असेल तर श्रुती राव यांचं 'मान्या लर्न्स टू रोअर' घ्या. तेही इंग्रजीच, पण छोटंसं आहे. मान्याला शाळेच्या 'जंगल बुक' नाटकात शेरखान व्हायचंय, संवाद तोंडपाठ आहेत, पण ती अडखळेल म्हणून मोठ्यांनाच धास्ती. सहावीच्या मुलाला थोडं लहान वाटेल, तरी चालेल.

पण खरं सांगू? सुरुवात या दोन्हींपासून करू नका. 'हे बघ, तुझ्यासारखाच मुलगा' म्हणून पुस्तक हातात दिलं की मुलाला ते औषध वाटतं. झैनब सुलेमान यांचं 'सिम्प्ली नंजू' आधी द्या. बंगळुरूमधली शाळा, नंजूची चाल वेगळी, जिवलग मित्र महेश व्हीलचेअरवर. वर्गातल्या वह्या चोरीला जातात आणि संशय नंजूवर येतो. अपंगत्व तिथे रोजचंच, वाचणारा चोराच्या मागे धावत राहतो.

आर. जे. पलासिओ यांची 'वंडर', वेगळा चेहरा घेऊन जन्मलेल्या मुलाची गोष्ट, सगळेच सुचवतील. चांगली आहे, पण शेवटी अख्खी सभा उभी राहून टाळ्या वाजवते. आपल्या मुलांच्या वाट्याला तसं येईलच असं नाही, म्हणून मी ती नंतर देईन.

मराठीत प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' (1994). कथा आहेत, पण सगळ्यांचा नायक लंपन एकच असल्याने कादंबरीसारख्या लागतात. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा. त्याचं सारखं 'मॅडसारखं' म्हणणं मुलांना लगेच आवडतं, आणि आईच्या आठवणीने त्याला काय होतं ते कुठेही रडवेपणा न करता येतं. एकटं वाटणाऱ्या मुलाला लंपन सोबत करतो.

एक विनंती. पहिली दोन-तीन प्रकरणं रात्री तुम्ही मोठ्याने वाचा. त्याला 'आता तू वाच' म्हणू नका. माझी लेक तीन आठवडे नुसती ऐकत होती. मग एक दिवस मी स्वयंपाकघरात असताना आजीला लंपन वाचून दाखवत होती, 'प'वर थांबत, पण थांबून पुढे जात.