नर्सिंगचा कोर्स झाल्यावर वॉर्डात काम करताना नर्स नव्याने काय शिकते?

सगळ्यात आधी शिकते ती रुग्णाचा श्वास मोजायला: पूर्ण एक मिनिट, घड्याळ बघून. कॉलेजात हे शिकवतातच, पण त्याची किंमत वॉर्डात कळते. मी मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. गर्दीच्या ड्युटीत टीपीआर (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींच्या) चार्टवर सरसकट १८ किंवा २० लिहिलं जातं आणि तिथेच घात होतो, कारण संसर्ग अंगभर पसरू लागला की बरेचदा बीपी उतरायच्या आधी श्वास वाढतो. प्रौढ माणसाचा विश्रांतीतला श्वास साधारण १२ ते २०. रुग्णाची तब्येत किती बिघडलीय हे गुणांनी मोजणाऱ्या ब्रिटनमधल्या न्यूज २ या पद्धतीत (जास्त गुण म्हणजे जास्त धोका) तो २५ किंवा जास्त झाला की त्या एका नोंदीलाच सर्वाधिक, म्हणजे ३ गुण मिळतात. श्वास मोजतोय हे रुग्णाला सांगू नका, सांगितलं की तो बदलतो. नाडी बघतोय असा हात धरून छातीकडे लक्ष ठेवा. आणि घरचं माणूस “सिस्टर, आज हे नेहमीसारखे वाटत नाहीत” म्हणालं, तर आकडे ठीक असले तरी पुन्हा तपासा, डॉक्टरांना कळवा. वरचे आकडे मात्र फक्त मोठ्यांचे. नवजात बाळाचा श्वास मिनिटाला ४० असणंही सामान्य आहे.