आदेश कुणासाठी लिहायचा

प्रिय मुली,

विभक्त आईबापांच्या मुलाच्या ताब्याच्या आदेशाचा तुझा मसुदा काल रात्री वाचला. निवाडे नेमके शोधलेस, भाषाही स्वच्छ आहे. तिसऱ्या परिच्छेदाशी मात्र अडले: ‘सुट्टीत मुलाला उभयतांच्या संमतीने परदेशी नेता येईल.’ संमती तोंडी की लेखी? सुट्टी संपते कधी? आणि एकाने संमती दिलीच नाही तर?

असा आदेश न्यायाधीशांसाठी लिहायचा नसतो. मध्यरात्री इमिग्रेशनच्या काउंटरवर बसलेल्या माणसासाठी लिहायचा. त्याच्यापुढे रांग आहे, तुझा खटला त्याला ठाऊक नाही आणि हे मूल विमानात बसू शकतं का, ते त्याला दोन मिनिटांत ठरवायचंय. मुलाचं नेहमीचं वास्तव्य कुठल्या देशात, प्रवास कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, परतीचं तिकीट कधी दाखवायचं, तिकडचा पत्ता, पासपोर्ट एरवी कुणाकडे, सगळं लिही. परतीची वेळ कुठल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे, तेही. (हसू नकोस. यावरून अर्धा दिवस युक्तिवाद केलाय मी.)

मूल पळवलं म्हटलं की शाळेच्या फाटकातून उचलून नेल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. पण कितीदा तरी मूल रीतसर सहलीला जातं आणि परत येत नाही. आधी ‘आजी आजारी आहे, आठवडाभर थांबतो’, मग तिथल्या शाळेत नाव घातल्याचा निरोप. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीचा 1980 चा हेग करार बेकायदा नेणं आणि रोखून ठेवणं, दोन्ही एकाच पारड्यात तोलतो. 16 वर्षांखालच्या मुलांसाठी तो आहे. ताबा कुणाचा, हे तो ठरवत नाही. मूल जिथं राहत होतं तिथं परत पाठवतो, पुढचं तिथलं कोर्ट बघतं. एका वर्षाच्या आत अर्ज झाला, तर मोजकेच अपवाद सोडून मूल परत पाठवावंच लागतं. वर्ष उलटलं की ‘मूल इथं रुळलंय’ हा बचाव उभा राहतो. तेव्हा अशील ‘थोडं थांबून बघू’ म्हणाला, तर थांबू देऊ नकोस.

समोरचा देश करारात आहे का, हे पहिल्याच भेटीत बघ. जपान 2014 मध्ये आला, भारत सामील झालेला नाही. करार नसेल तिथं मिरर ऑर्डर मागतात, म्हणजे तिकडच्या कोर्टाकडून तसाच आदेश. पण या आरशावर विसंबू नकोस. 2020 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नैरोबीहून मिरर ऑर्डर आणायच्या अटीवर एका मुलाचा ताबा केनियातल्या वडिलांना दिला. ऑर्डर आली, मूल गेलं. मग त्याच वडिलांनी तिकडच्या कोर्टात भारतीय न्यायालयांचा अधिकारच नाकारला. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला निर्णय मागे घेतला, पण तोवर मूल देशाबाहेर होतं. म्हणून मूल निघण्याआधी भरभक्कम अनामतही माग.

पासपोर्ट कोर्टात जमा झाला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. मुलाला दुसरं नागरिकत्व असेल, तर त्या देशाचा वकिलातीतला अधिकारी आपल्या कोर्टाला बांधील नाही. त्याला पत्र लिहून विनंती करायची, बस. अमेरिकेत तर देश सोडताना शिक्का मारणारा तो काउंटरच नसतो. तिथं मुलाच्या नावे पासपोर्ट काढला जातो तेव्हाच लक्ष ठेवावं लागतं.

एक सांगायचं राहिलं, आणि ते तुला आवडणार नाही. उद्या तुझी अशील मूल घेऊन निघायच्या बेतात असेल. मारहाणीला कंटाळून निघणारीच बरेचदा कायद्याच्या लेखी अपहरणकर्ती ठरते. मुलाला गंभीर धोका असल्याचा अपवाद करारात आहे, पण तो सिद्ध करणं सोपं नसतं. तिला आधी संरक्षणाचा आदेश आणि स्थलांतराची परवानगी मागायला लाव. आणि समोरचा बाप निव्वळ आजीआजोबांना भेटवायला मूल नेत असेल, तर भीतीचा बागुलबुवा उभा करून त्याला अडवू नकोस.

मसुदा परत पाठवतेय. तिसरा परिच्छेद नव्याने लिही, आणि अशिलाला विचार: मुलाचे पासपोर्ट एकूण किती?

तुझी,
ताई