माहेरचं नाव कोरायचं की सासरचं?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धापासून पुढे आमच्या गावातल्या काही बायका लष्करात परिचारिका आणि कारकून म्हणून गेल्या. ग्रामपंचायतीसमोर त्यांच्या नावांचा दगड बसवायचा आहे. कागदांवर माहेरचं नाव आहे, गाव ओळखतं सासरच्या नावाने. कोणतं कोरावं? आणि दगड कोणता घ्यावा? – एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : दोन्ही आडनावं कोरा. आधी ज्या नावाने सेवा झाली ते, पुढे कंसात सासरचं. ‘अमक्यांची पत्नी’ मात्र नको. ती स्वतः गेली होती. सोबत दल, पद आणि वर्षं द्या. १९४२ मध्ये उभ्या राहिलेल्या महिला साहाय्यक दलातल्या कारकून, टेलिफोन चालवणाऱ्या बायकांना सरसकट ‘नर्स’ म्हणू नका. लष्करी परिचर्या सेवेतल्या परिचारिका तर १९४३ पासून अधिकारी दर्जाच्या आहेत, त्यामुळे नुसतं ‘सिस्टर’ लिहून भागवू नका; लेफ्टनंट असेल तर लेफ्टनंट लिहा. सेवामुक्तीचा दाखला किंवा पेन्शनचे कागद बघा, अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. अक्षरांचा पूर्ण आकाराचा कागदी नमुना घरच्यांना दाखवून सही घ्या. कोरलेली वेलांटी खोडता येत नाही.

चौथरा चिऱ्याचा चालेल, अक्षरं चिऱ्यावर नकोत. चिरा म्हणजे जांभा दगड; तो सच्छिद्र असतो, पाणी पितो, अक्षरांच्या कडा झडतात. संगमरवरही खाऱ्या हवेत खडबडीत होतो. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट घ्या, ५० मिलिमीटर जाडीचा. त्यात कोरलेलं अक्षर आपोआप राखाडी उठून दिसतं, रंग भरावा लागत नाही. भरलेला रंग इथल्या पावसात सुटतोच. अक्षर निदान ३० मिलिमीटर उंच हवं, नाहीतर अनुस्वाराचं टिंब शेवाळाने बुजतं आणि ‘शिंदे’चं ‘शिदे’ होतं.

बसवताना लोखंडी खिळा अजिबात नको. गंजलं की लोखंड फुगतं आणि दगड आतून तडकवतं. ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या पिना वापरा. साधं ३०४ समुद्राकाठी डागाळतं. दगडाच्या माथ्याला मागे उतार ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही आणि नावांवरूनही ओघळणार नाही.

दिवाळीच्या आधी साधं पाणी आणि नरम ब्रशने धुवा. फरशीचं ॲसिड नको. तारेचा ब्रशही नको, त्याचे कण अक्षरांत अडकून तांबडे ओघळ येतात.