मंडळात मला कोणी विचारत नाही

निवृत्तीच्या आसपासच्या बायका समुपदेशनाला येतात तेव्हा एक तक्रार हमखास कानावर पडते. "आयुष्यभर नोकरी केली. आता समाजासाठी काही करावं म्हणून महिलांच्या सेवाभावी मंडळात नाव घातलं. पण तिथे मला कोणी विचारतच नाही!" कुणाचं नाव अहवालातून राहिलेलं असतं, कुणाला वयाने लहान सेक्रेटरीने बैठकीत मध्येच थांबवलेलं असतं.

अशाच एक बाई, मोठ्या कार्यालयातून विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या. मंडळाच्या नेत्रतपासणी शिबिरासाठी त्यांनी बारा रकान्यांचा नोंदणी तक्ता करून नेला. सेक्रेटरी म्हणाल्या, "ताई, एवढं नको. नाव, वय, फोन, बस." त्यानंतर बाई बैठकीला जाईनात.

"म्हणजे माझी किंमत शून्य," त्या म्हणाल्या.

"तुमची की तक्त्याची?"

"एकच ना ते!"

गाठ इथेच होती. मी विवेकनिष्ठ विचारसरणी मानते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास या पद्धतीने काम सुरू केलं. त्यांचं सांगणं असं, की घटनेपेक्षा तिच्याविषयीची आपली हटवादी समजूत आपल्याला जास्त छळते. 'माझं ऐकलं गेलंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी' ही बाईंची समजूत. खुर्ची असते तोवर ती जाणवत नाही, कारण सगळे ऐकतच असतात. निवृत्तीनंतर ती उघडी पडते.

पण समजूत नुसती दाखवून सुटत नाही. मंडळाच्या सभासद दृष्टिहीन विद्यार्थ्यांना अभ्यासाची पुस्तकं वाचून दाखवत. ते एकच काम नेमाने करा, असं मी सुचवलं. बाई नाखुशीनेच गेल्या. नंतरच्या एका भेटीत मात्र हसत आल्या.

"अहो, तो मुलगा मला म्हणतो, 'मॅडम, समजावू नका. नुसतं वाचा. आणि जरा हळू.'"

"मग?"

"मग काय, हळू वाचलं."

"राग नाही आला?"

"छे! परीक्षा तोंडावर आलीय त्याची."

"सेक्रेटरी तरी दुसरं काय म्हणाल्या होत्या? एवढं नको, असंच ना?"

बाई गप्प झाल्या. अशा वेळी समुपदेशकाची जीभ शिवशिवते, पण मी बोलले नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे मी वाचायला गेले होते. मंडळात मी सही करायला गेले होते."

हे वाक्य त्यांचं त्यांना सापडलं, याचं मला आजही समाधान आहे. मी आधीच सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि तेवढ्यावरच ते राहिलं असतं. त्या मुलाने आणि सेक्रेटरींनी जवळजवळ एकच गोष्ट सांगितली होती. एका ठिकाणी बाईंचं लक्ष समोरच्याच्या गरजेकडे होतं, दुसरीकडे स्वतःच्या मानाकडे. मान हवासा वाटण्यात काही गैर नाही. तो मिळालाच पाहिजे हा हट्ट मात्र माणसाला घरी बसवतो.

म्हणून मंडळात जाताना पद विचारू नका, काम विचारा. काय करायचं, कोणत्या वारी, कुणासाठी? समोर माणूस असलेलं काम निवडा. नुसत्या बैठकांत मन मानापमानाकडेच धावतं. सुरुवातीचे काही महिने सूचना वहीत लिहून ठेवा, त्यातल्या कितीतरी आपोआप गळून पडतात. पदांचं म्हणाल, तर ती फिरतीच असतात. मार्गारेट गोल्डिंग यांनी १९२४ मध्ये मँचेस्टरला सुरू केलेल्या इनर व्हीलसारख्या महिलांच्या संघटनेतही पदाधिकारी वर्षासाठी निवडल्या जातात. त्या वर्षावर स्वतःची किंमत टांगून ठेवायची का?

अर्थात प्रत्येक वेळी दोष आपल्या समजुतीचाच असतो असं नाही. हिशेब विचारला म्हणून कुणी चारचौघींत पाणउतारा करत असेल, तर स्पष्ट बोला. तरीही फरक पडला नाही, तर खुशाल दुसरं मंडळ शोधा.

आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, सतत रडू येत असेल, तर मंडळ बदलून भागणार नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि ते लांबणीवर टाकू नका.