अल्फा ०.४६ आला म्हणून प्रश्न उडवू नका

तुमची अडचण मला समजली ती अशी: १२० खाटांच्या हॉस्पिटलात रिसेप्शन आणि बिलिंगसाठी माणसं घ्यायची आहेत. त्यासाठी ३० प्रसंगांची एसजेटी (प्रसंग देऊन ‘काय योग्य’ विचारणारी सिच्युएशनल जजमेंट टेस्ट) बनवली, सध्याच्या ५५ कर्मचाऱ्यांकडून सोडवून घेतली आणि क्रोनबाख अल्फा आला ०.४६. सल्लागार म्हणतोय, ०.७ होईपर्यंत न जुळणारे प्रश्न गाळा.

गाळू नका. अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी किती जुळतात. तुमच्या चाचणीत चिडलेला नातेवाईक आहे, पेशंटची माहिती बाहेर न देणं आहे, शिफ्ट बदलताना सहकाऱ्याशी उडालेले खटके आहेत. चिडलेल्या माणसाला शांत करण्यात पटाईत असलेली मुलगी गोपनीयतेत ढिली असू शकते. एसजेटीत अल्फा बहुतेकदा कमीच येतो, कारण ती एकच एक गुण मोजत नाही. गाळत गेलात तर चिडलेल्या नातेवाइकाचे दहा प्रश्न उरतील, अल्फा झकास दिसेल आणि चाचणी निकामी होईल.

चाचणीचा भरवसा, म्हणजे गुण दर वेळी सारखेच येतात का, हे तपासायचंच तर त्याच ५५ जणांना तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बसवा आणि दोन वेळच्या गुणांचा सहसंबंध काढा. त्याहून चांगलं म्हणजे जोडसंच: प्रत्येक प्रसंगाचा त्याच जातीचा दुसरा प्रसंग लिहून दोन पेपर करायचे. काम दुप्पट होतं, पण पेपर फुटला तर दुसरा हाताशी असतो.

आता मला खरी शंका आहे ती वेगळीच. हे ३० प्रसंग आले कुठून? एचआरने बसून लिहिले असतील तर आकडेमोड नंतर बघू. जॉन फ्लॅनागन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली ‘क्रिटिकल इन्सिडेंट’ पद्धत मांडली, ती दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांच्या निवडीवर केलेल्या कामातून आली. तिचं मर्म साधं आहे. ‘चांगल्या रिसेप्शनिस्टमध्ये कोणते गुण हवेत’ असं विचारायचं नाही, कारण उत्तर ‘नम्र, हसतमुख, प्रामाणिक’ हेच येणार. विचारायचं, ‘गेल्या दोन-तीन महिन्यांत कुणी एखादा प्रसंग छान निभावला किंवा पार विचका केला, तो सांगा. आधी काय झालं, तिने नेमकं काय केलं, पुढे काय झालं?’ रात्रपाळीच्या सिस्टरला विचारा, वॉर्डातल्या मावशींना विचारा, गेटवरच्या वॉचमनला तर नक्कीच विचारा. शंभर-दीडशे किस्से जमले की त्यातून वीस चांगले प्रश्न निघतात. माझा तरी हिशेब एवढाच.

एक नमुना देतो. माझ्या एका कामात पहिला मसुदा असा होता: ‘पेशंटचे नातेवाईक बिलावरून वाद घालत आहेत. तुम्ही काय कराल?’ पर्यायांत एक होता, ‘नम्रपणे समजावून वरिष्ठांना कळवीन.’ जवळजवळ सगळ्यांनी तोच निवडला. एमपीएससीच्या निर्णयक्षमतेच्या प्रश्नांची तयारी केलेली मुलं तर असा मधला मार्ग डोळे मिटून हेरतात. सगळे बरोबर येतात तो प्रश्न कुणालाच निवडत नाही.

मग तो असा केला: ‘रात्रीचे साडेनऊ. डिस्चार्ज झालाय, पण टीपीएची (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेची) अंतिम मंजुरी आलेली नाही. मुलगा म्हणतो, वडिलांना गाडीत बसवलंय, उद्या येऊन सही करतो. बिलिंग हेडचा फोन लागत नाही.’ ‘नम्रपणे’ हा शब्द पर्यायांतून हद्दपार केला, कारण विशेषणच उत्तर फोडतं. नवे पर्याय आम्ही लिहिलेच नाहीत. नुकत्याच लागलेल्या मुलामुलींना प्रसंग सांगून ‘तू काय केलं असतंस’ विचारलं आणि त्यांचीच उत्तरं घेतली. चुकीचं पण पटण्यासारखं उत्तर अननुभवी माणूसच देऊ जाणे.

उत्तरतालिकेसाठी दहा-बारा अनुभवी लोक घ्या आणि प्रत्येकाकडून वेगवेगळं, प्रत्येक पर्यायाला १ ते ५ गुण घ्या. मीटिंग नको. मीटिंगमध्ये आधी सुपरिंटेंडेंट बोलतात, मग बाकीचे माना डोलावतात. वरच्या प्रसंगात ‘अनामत घेऊन, पावती देऊन सोडणे’ या पर्यायाला बिलिंगवाल्यांनी ५ दिले, नर्सिंगने २. खोदल्यावर कळलं की याबाबत हॉस्पिटलचा काही नियमच नव्हता. पर्याय काढून टाकला. ज्यावर जाणकारच फुटतात, त्यावर उमेदवाराला तोलायचं कशाच्या जोरावर?

उमेदवाराकडूनही ‘सर्वांत योग्य एक निवडा’ न घेता प्रत्येक पर्यायाला गुण मागा. प्रत्येकी चार पर्याय धरले तर वीस प्रसंगांतून ऐंशी नोंदी मिळतात आणि भरवसा खरा तिथे वाढतो. मात्र काही जण १ आणि ५ ला हातच लावत नाहीत, त्यांचं नुकसान होतं. गुण काढण्याआधी प्रत्येकाच्या नोंदींतून त्याची स्वतःची सरासरी वजा करा आणि त्याच्याच प्रमाण विचलनाने (नोंदी सरासरीभोवती किती पसरल्यात त्या मापाने) भागा. ‘काय कराल’पेक्षा ‘हे कितपत योग्य’ असं विचारलेलं बरं. निवडीच्या वेळी लोक ‘काय कराल’ला तसंही ‘काय करायला हवं’चंच उत्तर देतात. त्याची किंमत एवढीच की चाचणी थोडी बुद्धिमत्तेकडे झुकते.

पेपर मराठीतच लिहा, इंग्रजीतून उतरवू नका. नाहीतर तुम्ही वाचनच मोजाल.

शंभर टक्के भार मात्र यावर टाकू नका. मॅकडॅनियल हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा एसजेटीचा कामगिरीशी सहसंबंध, मोजमापातल्या त्रुटींची दुरुस्ती केल्यावर, ०.२६ च्या आसपास आला. उपयोगी आहे, पण मुलाखतीच्या जोडीला. आणि कुणी एसएसबीची (सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची) एसआरटी, म्हणजे सिच्युएशन रिअ‍ॅक्शन टेस्ट, ढापायला सुचवलं तर ऐकू नका. ती अर्ध्या तासात साठ प्रसंगांवर स्वतःच्या शब्दांत लिहायची असते आणि वाचायला मानसशास्त्रज्ञ असतो. तुमच्याकडे एक्सेल आहे.

सल्लागाराने कुठले प्रश्न काढायला सांगितलेत? ते इथे टाकू नका, फुटतील. फक्त प्रत्येक कशाबद्दल आहे ते एका ओळीत लिहा. सगळे गोपनीयतेचे निघाले, तर मला नवल वाटणार नाही.