दम आधी परततो, हाड मागून येतं

प्रिय पोरी,

नडगीत स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या धक्क्यांनी हाडाला गेलेली बारीक चीर, निघालं ना? डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद केल्यावर तुला पायापेक्षा दमाचीच काळजी लागली असणार. पहिल्या दहा दिवसांत दम फारसा उतरत नाही. पुढे उतरतो, पण तो धरून ठेवता येतो.

डॉक्टरांची परवानगी मिळाली की नेरुळ-वाशीत जवळ पडेल त्या तरणतलावात उतर. पोहायला नव्हे, पळायला. कमरेला तरंगता पट्टा बांध आणि खोल पाण्यात जा. पाय तळाला टेकता कामा नयेत, पाठ ताठ हवी. दोन मिनिटं जोरात, एक मिनिट सावकाश, असं दहा वेळा कर. नुसती रेंगाळलीस तर चार दिवसांत कंटाळशील. पाण्यात नाडी जमिनीपेक्षा दहाएक ठोक्यांनी कमी दिसते, म्हणून घड्याळाकडे न बघता धाप किती लागते ते बघ. शेजारच्या काकू टकमक बघतील. बघू देत.

माझ्याही नडगीला असंच झालं होतं, पण मी फसले ते याच्या पुढे. दीड महिना पाण्यात इमानेइतबारे पळले आणि परतल्यावर पहिल्याच रविवारी नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत पळायला गेले. श्वास इतका मोकळा चालला होता की ठरवलेल्या दहा मिनिटांचा तासभर कधी झाला, कळलंच नाही. संध्याकाळी नडगीवर तोच बोटभर ठिपका दुखायला लागला. पुन्हा दोन महिने घरी! छाती तयार होती. हाडावर मात्र दीड महिन्यात पळण्याचा एकही धक्का बसला नव्हता, ते कुठून तयार असणार?

म्हणून आधी अर्धा तास झपझप चालून काहीच दुखत नाही, हे बघ. मग एक मिनिट पळ, एक मिनिट चाल, तेही दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्याने ती जागा दाबून बघ. दुखली तर थांब आणि डॉक्टरांना कळव.

आणि पळत नाहीस म्हणून भात कमी करू नकोस. भरून यायला हाडालाही अन्न लागतं. नाचणीची भाकरी, दूध, अंडी चालू ठेव. पाळी लांबत किंवा चुकत असेल तर लाजू नकोस, डॉक्टरांना सांग; पोटाला कमी पडलं की पाळी बिघडते आणि हाडंही ठिसूळ होतात.

बूट माझ्याकडे आणून ठेव. डॉक्टरांनी हो म्हटलं की घेऊन जा.

तुझी,
मावशी